डेलिया म्हणजेच ब्रिजेट : नवऱ्याच्या आयरिश कागदांचे चौदा महिने

परवा एका मैत्रिणीने विचारलं, तुझ्या नवऱ्याला आयरिश नागरिकत्व मिळालं म्हणे, वकील कोण केलेलात? वकील कसला, सगळी धावाधाव मी केली आणि नवऱ्याने जिथे बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. तिला फोनवर सांगता सांगता तास गेला म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. अमेरिकेत आपल्या कितीतरी घरांत सून नाहीतर जावई आयरिश आडनावाचा असतो आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीच नसतं की आपल्या आजीच्या जन्मदाखल्यावर आपला हक्क टांगलेला आहे.

आम्ही राहतो क्विन्झीला, बॉस्टनच्या दक्षिणेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सासूबाईंनी घर आवरायला काढलं आणि माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. आत त्यांच्या आईचे कागद. बाप्तिस्म्याचं एक पत्र, चर्चमधला लग्नाचा दाखला, काही फोटो. आजी मेयो काउंटीतली, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, १९२७ साली एकोणिसाव्या वर्षी कोव्ह बंदरातून बोटीत बसली ती बॉस्टनला उतरली. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. नवरा सहज म्हणाला, यावरून मला पासपोर्ट मिळतो म्हणतात. मी त्याच रात्री वाचायला बसले, कारण असल्या कामांची मला सवय आहे, एच वन बी (नोकरीचा व्हिसा) ते ग्रीन कार्ड ते सिटिझनशिप ते ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) सगळं केलेली बाई आहे मी.

तर नियम असा आहे. आई किंवा वडील आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर मूल जगात कुठेही जन्मो, ते जन्मतःच आयरिश नागरिक, थेट पासपोर्टचा अर्ज करायचा. म्हणजे आमच्या सासूबाई जन्मापासून आयरिश नागरिक होत्या आणि हे त्यांना एक्क्याऐंशीव्या वर्षी माझ्याकडून कळलं! त्या म्हणाल्या, मी तर आयुष्यभर हेच सांगत आलेय, तुम्हाला आता कागद बघून पटलं का. आजी किंवा आजोबा तिथले असतील तर मात्र नातवंडाला आपोआप काही मिळत नाही, परराष्ट्र खात्याच्या फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये नाव नोंदवून घ्यावं लागतं, आणि नोंद ज्या दिवशी होते त्या दिवसापासून नागरिक, मागच्या तारखेने नाही.

इथे मेख आहे आणि ती आम्हाला लागली. नोंदणीच्या आधी जन्मलेल्या मुलांना पुढे काही मिळत नाही. आमची लेक २०१४ ची. तिच्या जन्माआधी हे केलं असतं तर तिलाही हक्क मिळाला असता, आता नाही. दोन दिवस माझा मूडच गेला होता. सगळ्यात महत्त्वाची टीप म्हणून इथेच सांगते, घरात कुणी लग्नाळू असेल आणि आजी-आजोबा आयरिश असतील तर आधी अर्ज, मग बाकीचं.

मार्चमध्ये शोध सुरू केला. आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मांच्या रजिस्टरची पानं सरकारच्या आयरिश जीनिऑलॉजी साइटवर स्कॅन करून फुकट ठेवली आहेत. फुकट! लॉगिनसुद्धा नाही. पण आजीला सगळे डेलिया म्हणायचे आणि मेयोत त्या आडनावाची त्या वर्षांत एकही डेलिया जन्मलेली नाही. तीन रात्री गेल्या त्यात. शेवटी एका लेखात वाचलं की डेलिया हे ब्रिजेटचं घरगुती रूप. आपल्याकडे दत्तात्रयाचा दत्तू होतो तसं. ब्रिजेट टाकल्यावर चार सापडल्या आणि त्यातल्या एकीच्या आईवडिलांची नावं डब्यातल्या बाप्तिस्म्याच्या पत्राशी जुळली.

ते पान मी किती वेळ बघत होते. शाईने लिहिलेलं, तिरपं अक्षर. खबर देणाऱ्याच्या रकान्यात वडिलांचं नाव कारकुनाने लिहिलंय आणि मध्ये एक फुली, त्याच्या वरखाली लिहिलंय की ही त्याची खूण. सही येत नव्हती. माझी आजी रेशनच्या दुकानात निळ्या पॅडवर अंगठा टेकवायची आणि मग तो पदराला पुसायची, ते डाग आठवले.

पुढची गंमत म्हणजे बाप्तिस्मा २ एप्रिल १९०८ चा आणि सरकारी जन्मतारीख ९ एप्रिल १९०८. म्हणजे पोरगी जन्मायच्या आठवडाभर आधी तिला चर्चमध्ये नेऊन पाणी शिंपडलं. मी घाबरले की आता हे रिजेक्ट होणार. मग कळलं की हे अगदी नेहमीचं आहे, नोंद करायला उशीर झाला की दंड बसायचा, म्हणून लोक जन्मतारीखच पुढे सरकवून सांगायचे. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते खूप हसले. बाबांची तारीख १ जून आहे, त्यांच्या दोन्ही भावांची १ जून आहे, वर्गातल्या अर्ध्या पोरांची १ जूनच होती. म्हणाले, त्यांनी दंड वाचवायला तरी ढकलली, आमच्या गुरुजींनी फुकटच ढकलली की! (सरकारी दाखल्यावरचीच तारीख धरतात. बाप्तिस्म्याचं पत्र आम्ही अर्जाला जोडलंच नाही, तुम्हीही विनाकारण जोडू नका.)

स्कॅनचा प्रिंटआउट चालत नाही, मूळ सर्टिफाइड दाखला लागतो. तो रॉसकॉमनच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मागवला, एका दाखल्याचे २० युरो आणि वर टपाल. मी दोन मागवले, ते पुढे उपयोगी पडलं. तीन आठवड्यांत आले.

त्याच नादात मी बोटीची यादी पण शोधली, म्हणजे पॅसेंजर मॅनिफेस्ट, तिची अर्जाला गरज नसते पण राहवलं नाही. त्यात लिहिलंय, धंदा, घरकाम. तिकिटाचे पैसे कुणी भरले, बहिणीने. जवळ किती रक्कम, २५ डॉलर. थोरली बहीण आधी आलेली, तिने साठवून धाकटीचं तिकीट काढलं, मग डेलियाने ब्रूकलाइनमधल्या एका घरात स्वयंपाकपाणी करून पुढच्या भावाचं काढलं. कोकणात आमच्याकडे हेच चालायचं. आजोबा परळला मिलमध्ये, मग त्यांनी भावाला बोलावलं, मग भाच्याला, आणि गावी दर महिन्याला मनीऑर्डर. मेयोत डॉलर घालून येणाऱ्या पत्राला अमेरिकन लेटर म्हणायचे. आणि जाणाऱ्याच्या आदल्या रात्री सगळं गाव घरी जमून रात्रभर जागायचं, गाणी, नाच, पिणं आणि पहाटे रडणं, त्याला अमेरिकन वेक म्हणत. वेक म्हणजे मयताशेजारी जागतात ते. जिवंत माणसासाठी. कारण परत येणार नाही हे गृहीतच. आजी आयुष्यात एकदाच परत गेली, १९६१ मध्ये, तोवर तिची आई गेलेली होती.

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, हे आपण वाचलेलं असतं. मला मात्र दुसराच एक आकडा टोचला. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतराच्या कायद्यात आयरिश फ्री स्टेटचा, म्हणजे तेव्हाच्या स्वतंत्र आयर्लंडचा, वर्षाचा कोटा २८,५६७ होता आणि भारताचा १००, आणि ते १०० सुद्धा आपल्यासाठी नाहीत, कारण भारतीयांना नागरिक होण्याचीच मनाई होती. पुढे १९९० च्या कायद्याने मॉरिसन व्हिसा काढले, ज्यांतला मोठा वाटा आयरिश लोकांसाठी राखला होता, आणि त्याच कायद्याने एच वन बी आणला. म्हणजे नवऱ्याच्या मेयोकडच्या नातलगांना आणि मला एकाच दारातून आत घेतलंय, फक्त त्यांना थेट ग्रीन कार्ड आणि आपल्याला रांग. माझं लग्नामुळे लवकर सुटलं, माझ्याबरोबर पुण्याहून आलेले दोघं अजून थांबलेत. असो, तो वेगळाच विषय आहे.

एप्रिल-मे अमेरिकन कागदांत गेला. यादी पाठ झालीये आता. आजीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, मृत्यूदाखला. सासूबाईंचा मोठा जन्मदाखला म्हणजे ज्यावर आईवडिलांची नावं असतात तो, त्यांचा लग्नाचा दाखला आणि चालू ओळखपत्राची सर्टिफाइड कॉपी. नवऱ्याचा स्वतःचा मोठा जन्मदाखला, पासपोर्टची सर्टिफाइड कॉपी, पत्त्याचे दोन मूळ पुरावे आणि चार फोटो. पत्त्याच्या पुराव्यांनी छळलं, कारण आता बिलं घरी येतातच कुठे, सगळं पेपरलेस. शेवटी विजेचं बिल पुन्हा कागदी चालू केलं आणि बँकेत जाऊन स्टेटमेंट टपालाने मागवलं, यात तीन आठवडे गेले. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करून टाका. सासूबाईंच्या दाखल्यासाठी बॉस्टनच्या सिटी हॉलला गेलो तर त्याही आल्या, लिपस्टिक लावून, जणू त्यांचाच सत्कार आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, फी तिथेच भरायची, मोठ्या माणसाला २७८ युरो, अठराच्या आतल्याला १५३. मग प्रिंट काढून साक्षीदारासमोर सही. साक्षीदार कुणीही चालत नाही, ठरलेल्या पेशातला हवा, डॉक्टर, वकील, पोलीस, पाद्री, नोटरी, मुख्याध्यापक असे, आणि तो तुम्हाला ओळखणारा हवा पण नातलग नको. आमचा डॉक्टर वर्षातून दहा मिनिटं भेटतो, तो काय ओळखणार. शेवटी लेकीच्या शाळेच्या प्रिन्सिपल बाईंना विचारलं. जूनमध्ये, शाळा सुटायच्या आठवड्यात, त्यांच्या टेबलावर उन्हाळी सुट्टीच्या कागदांचे ढीग पडलेले. त्यांनी फॉर्मवर सही केली, तारीख घातली, शाळेचा शिक्का मारला, चारांपैकी दोन फोटोंच्या मागे सही केली आणि पासपोर्टची कॉपी मुळाबरहुकूम आहे असं लिहून दिलं. मी शेजारी सूचनांचा कागद धरून एकेक ओळ वाचत होते आणि नवरा लाजत होता. लाजू द्या. एक तारीख राहिली तरी गठ्ठा परत येतो.

२६ जून २०२३ ला सगळे मूळ कागद एका पाकिटात घालून बॅलब्रिगनला पाठवले, डब्लिनच्या उत्तरेला आहे ते. कुरियरचे ऐंशीएक डॉलर गेले. मूळ दाखले असे परदेशात पाठवताना पोटात गोळा येतोच, ते परत येतात पण तोवर स्कॅन करून ठेवा. एक कव्हर लेटर जोडलं, की सासूबाईंच्या दाखल्यावर आईचं नाव डेलिया आहे, तिच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर ब्रिजेट आहे, दोन्ही एकच बाई.

मग काही नाही. जुलै, ऑगस्ट, गणपती, दिवाळी, काही नाही. तेव्हा नऊ महिने ते वर्ष असं सगळे सांगत होते, ब्रेक्झिटनंतर अर्ज खूप वाढलेत. मी पहिले दोन महिने रोज ईमेल उघडायचे, मग सोडलं.

या मधल्या काळात माझंच एक जुनं काम वर आलं. पत्त्याच्या पुराव्यांची फाइल शोधताना माझा जुना भारतीय पासपोर्ट हाती लागला, कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का मारलेला. अमेरिकन नागरिक झाले त्या दिवशी कायद्याने भारताचं नागरिकत्व संपलं, मग तो सरेंडर करायचा आणि ओसीआय घ्यायचं. माझ्याकडे गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव आहे पण मला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मत देता येत नाही. नवऱ्याने तर मेयोत पाऊल ठेवलेलं नाही आणि तो पूर्ण नागरिक होणार, अमेरिकन पासपोर्ट न सोडता. मी त्याला हे जरा तिखटपणे ऐकवलं. तो म्हणाला, पण लेकीचं ओसीआय आहे ना, आमच्याकडे तर ती बाहेरच राहिली. तेही खरं. आपल्याकडे ओसीआय पणतवंडापर्यंत जातं. एक देश थोडंच देतो पण चार पिढ्या देतो, दुसरा सगळं देतो आणि तारीख बघून दार लावतो. (मत तर बाहेर राहणाऱ्या आयरिश लोकांनाही सहसा देता येत नाही. २०१५ आणि २०१८ च्या सार्वमताला पोरं विमानं पकडून घरी गेली होती मतदानाला, पण तेही बाहेर पडून दीड वर्षाहून जास्त झालेलं नाही आणि परत यायचा विचार आहे अशांनाच जमतं.)

जानेवारी २०२४ मध्ये पत्र आलं. आजीचा लग्नाचा दाखला चर्चचा आहे, सरकारी पाठवा. चूक आमचीच, सूचनांत स्वच्छ लिहिलं होतं की सरकारी हवा, पण डब्यातला तो दाखला इतका सुंदर होता, सोनेरी किनारीचा, की आम्हाला वाटलं हाच खरा. १९३८ चा सरकारी दाखला काढला. तो आला तेव्हा मी जेवत होते, उघडला आणि घास तसाच राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. तिथे नवरीचं नाव डेलिया आणि खाली तिच्या आईवडिलांची तीच दोन नावं, जी मेयोच्या रजिस्टरमध्ये फुलीच्या वर होती. चर्चच्या दाखल्यावर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे जो कागद मागितला म्हणून आम्ही चरफडत होतो, डेलिया म्हणजेच ब्रिजेट हे सिद्ध करणारा तोच एक कागद होता. माझं कव्हर लेटर बिचारं नुसतंच गोड बोलत होतं.

१८ एप्रिल २०२४ ला जाड पाकीट आलं. सगळे मूळ दाखले परत आणि वर नोंदणीचं प्रमाणपत्र. नवऱ्याने ते आधी सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, मग म्हणाल्या, यात आईचं नाव कुठेच नाही. मग त्या पत्र्याच्या डब्यात फोटो नीट लावत बसल्या. त्यांना पासपोर्ट काढू या का विचारलं तर म्हणाल्या, मला आता कुठे जायचंय.

पासपोर्टचं मग सोपं आहे, ऑनलाइन अर्ज, ७५ युरो अधिक टपाल, पण प्रमाणपत्र मूळ पाठवावं लागतं, परत येतं. सगळा खर्च मिळून, दाखले, कुरियर, फी धरून, आमचे साडेपाचशे डॉलरच्या आसपास गेले. मी मागवलेला आजीचा दुसरा जन्मदाखला नवऱ्याच्या मावसबहिणीला दिला. ती तिशीतली, लग्न ठरलेलं, मुलं नाहीत. तिचा अर्ज लगेच गेला. तिला मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, सरकारी लग्नाचा दाखला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर उतरलो. नवरा एका रांगेत, मी आणि लेक दुसऱ्या. तो पाच मिनिटांत पलीकडे गेला आणि आमचे कोट हातावर घेऊन उभा राहिला.

मेयोत आजीच्या घराच्या तीन भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, चुलीच्या जागी काटेरी झुडूप. मागच्या टेकडीवर हिरव्या गवताखाली सरीवरंब्यासारख्या समांतर रेघा दिसतात, लेकीने विचारलं हे काय, तर ते जुने बटाट्याचे वाफे. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, पंच्याऐंशीच्या पुढची असेल. आम्ही कोण विचारलं. नवरा म्हणाला, मी डेलियाचा नातू. तिला काही लागेना. ब्रिजेटचा, तो म्हणाला. तरी नाही. मग मी रजिस्टरच्या पानाचा प्रिंट काढून आडनाव दाखवलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. अरे, बिडी! बॉस्टनची बिडी! ती पार्सल पाठवायची, त्यातला एक निळा कोट मी दोन हिवाळे शाळेत घातलाय.

ब्रिजेटचं अजून एक रूप निघालं, बिडी. माझ्या डोक्यात आधी काय आलं ते सांगायला नको, मला हसू आवरेना आणि नवऱ्याला कळेना का ते. रात्री बाबांना फोन केला तर ते म्हणाले, बरं झालं आधी नाही कळलं, नाहीतर तू अर्जात तेही लिहिलं असतंस.